रेंज येत नाही, रेडिएशन येतं?

एकाच घरात दोन तक्रारी ऐकू येतात. नात म्हणते, आतल्या खोलीत वायफायला रेंज नाही. आजी म्हणते, त्या डबीतून दिवसभर रेडिएशन येतं, ती माझ्या पलंगाजवळून हलवा. दोघींना उत्तर एकच: राउटर फार दुबळा असतो.

घरगुती राउटर साधारण १०० मिलीवॉट, म्हणजे एका वॉटच्या दहाव्या भागाइतक्या ताकदीने लहरी सोडतो. काही मॉडेल त्याहून जास्त, पण फार नाही. या लहरी चहूकडे पसरतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तीव्रता पाव होते. वर भिंती. नऊ इंची विटांची भिंत बरीच ताकद खाते, आरसीसीची त्याहून जास्त आणि मधे लोखंडी कपाट आलं तर विचारूच नका. तरी आपल्याकडे राउटर बसतो तो केबल जिथून घरात शिरली त्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे!

वायफाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा उण्यात दिसतो. उणे ४० उत्तम, उणे ८० म्हणजे रडतखडत. दर १० आकड्यांना ताकद दहापट घटते. उणे ६७ ला व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो आणि तिथे फोनला मिळणारी ताकद राउटरने सोडलेल्या ताकदीच्या पन्नास कोटीव्या हिश्श्याइतकी असते. मला यातलं खरं आश्चर्य हेच वाटतं.

पण रेंज फुल असूनही व्हिडिओ अडकतो, तो का? रेंज फक्त ताकद सांगते, वेग नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात आणि प्रत्येक यंत्र चॅनेल मोकळं आहे का ते आधी ऐकतं, मगच बोलतं. ५ गिगाहर्ट्‌झला चॅनेल पुष्कळ. त्याच्या लहरी भिंतीत लवकर मरतात, पण शेजाऱ्याच्याही मरतात, हा फायदाच. (आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते ती सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटनं.)

आता आजीचा प्रश्न. १०० मिलीवॉटच्या राउटरपासून एक मीटरवर तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॉट भरते. आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॉट आहे. भारताने २०१२ मध्ये मोबाइल टॉवरसाठी ती दहाव्या भागावर आणली. त्या कडक मापानेही राउटर सव्वाशे पट खालीच राहतो. शिवाय वायफायच्या एका फोटॉनची (लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची) ऊर्जा साध्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सुमारे दोन लाख पट कमी. डीएनएचे बंध तोडणं त्याच्या आवाक्यात नाही.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात टाकलं, हे खरं. त्याला मुख्य आधार होता कानाला लावायच्या फोनवरच्या अभ्यासांचा, आणि तो पुरावाही मर्यादित ठरवला गेला. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

काळजी वाटत असेल तर राउटर पलंगापासून दोन मीटर सरकवा, तीव्रता आणखी घटेल. रात्री तो बंद करून उशाशी मोबाइल डेटा चालू ठेवण्यात मात्र काही हशील नाही. टॉवरची रेंज कमी असली की फोन स्वतःच जास्त ताकदीने लहरी सोडतो, आणि तो डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो.