पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं बटाट्याचं पान

परवा काटोलला मामाच्या बागेत गेलो तर संत्र्याच्या एका झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत होता अन् फांदीला काळी बाहुली टांगलेली. मामा म्हणे नजर लागली. म्हटलं मामा हा डिंक्या आहे, फायटोफ्थोरा, बुंध्याशी पाणी साचलं की येतो, बाहुलीला तो कशाला घाबरतो!

याच्याच एका भावाने १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे सडवले, पुढच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली. (आपण याला बुरशी म्हणतो खरं, पण नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं.) तिकडेही कोणी देवाचा कोप म्हणे, कोणी नव्या आगगाड्यांना शिव्या देई. पण काही लोकांनी रोगट पानं दाबून वाळवून कागदावर चिकटवली, खाली गाव अन् तारीख लिहिली. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात.

लंडनजवळच्या क्यू बागेतल्या अन् म्युनिकच्या संग्रहातल्या अशा पानांतून २०१३ मध्ये त्या रोगाचा डीएनए वाचला गेला. आता मला आवडणारी गोष्ट. पान मेलं की डीएनए दुरुस्त करणारं कोणी उरत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात, बरेचसे शंभर अक्षरांहूनही छोटे (डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची माळ), आणि त्यातल्या सी या अक्षराचा अमिनो गट, म्हणजे त्या रेणूचा एक छोटा भाग, गळून यू होतो, ज्याला मशीन टी असं वाचते. तुकड्याच्या टोकाला डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच उघडा असतो म्हणून ही चूक तिथे जास्त दिसते. म्हणजे टोकाशी सीच्या जागी टी भरपूर दिसले तर माल जुना, अन् लॅबमधल्या कोणाच्या हाताचा ताजा डीएनए मिसळला असेल तर त्यात ही खूण नसते. मग हे लाखो तुकडे त्याच रोगाच्या आजच्या जीनोमवर (म्हणजे पूर्ण डीएनएवर) एकेक करून बसवायचे. व्हॉट्सअॅपवर 'जुना रोग लॅबमध्ये जिवंत केला' असं येतं ते सोडा, इतक्या चिंध्यांतून काही जिवंत होत नाही.

निघालं काय, तर यूएस-१ नावाचा जो वाण १९७० च्या दशकापर्यंत जगभर होता त्याच्यावर संशय होता, पण खरा गुन्हेगार त्याचा जवळचा भाऊबंद निघाला, त्याला हर्ब-१ नाव दिलं.

आपल्याकडेही बटलर नावाच्या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाला असा संग्रह सुरू केला, तो आता दिल्लीत आहे. मी मामाच्या झाडाची सडलेली साल पेपरात गुंडाळली, वर संत्रा, काटोल अन् तारीख लिहिली, तर मामा म्हणे, अबे, हे घरात नको ठेवू.