गाडीचा एसी थंड करेनासा होतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यांत गाडीचा एसी थंडावा देईनासा झाला, की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो गॅस भरून घेण्याचा. हा सल्ला पुष्कळदा अपुरा असतो, कारण एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये पुन्हापुन्हा फिरत राहतो. रबरी पाइपांतून तो वर्षानुवर्षे किंचित झिरपतो हे खरे. पण एका हंगामात भरलेला गॅस पुढच्या हंगामापर्यंत उरत नसेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणे व्यर्थ आहे.

अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा एसीचा गॅस वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट ठेवला, की तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो आणि रेडिएटरपुढचा कंडेन्सर, म्हणजे गॅसला पुन्हा द्रव करणारी जाळी, ही उष्णता बाहेर टाकतो. साखळी नेमकी कुठे अडली, याचा अंदाज गाडी चालवणाऱ्यालाही घेता येतो.

महामार्गावर एसी गार आणि सिग्नलला थांबताच कोमट, असे होत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. वेगात असताना वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो, थांबल्यावर मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात बाहेर उष्णता टाकायची, तर कंडेन्सरमधला गॅस ६० अंशांच्या आसपास द्रवरूप व्हावा लागतो आणि त्यासाठी दाब वातावरणाच्या जवळजवळ सतरा पट लागतो. पंखा बंद असला किंवा कंडेन्सरच्या जाळीत माती व किडे बसलेले असले, तर हा दाब आणखी चढतो आणि संरक्षक स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. याउलट, तासाभराच्या प्रवासानंतर झोताचा जोर कमी होत गेला आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर तो परतला, तर कॉइलवर बर्फ साचत असावा. तेव्हा प्रथम केबिन फिल्टर, म्हणजे आतली हवा गाळणारी जाळी, तुंबून कॉइलवरची हवा अडवत नाही ना, हे काढून पाहावे.

गळतीची खूण बहुधा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे फुटलेल्या सांध्याभोवती तेलकट, धूळ धरलेला डाग पडतो. कंडेन्सरची खालची कड आणि पाइपांचे जोड तेवढ्यासाठी नीट न्याहाळावेत.

एसी बंद असताना गेज (दाबमापक) लावून ‘गॅस पुरेसा आहे’ असे कोणी सांगितले, तर ते मानू नये. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला, तरी ३० अंश तापमानाला दाब वातावरणाच्या साडेसात पटींहून थोडा अधिकच दिसतो, मग गॅस शंभर ग्रॅम असो वा पाचशे. म्हणून गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा पूर्ण काढावा. ओलावा राहिल्यास तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कॉइलआधी द्रवाचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेत, गोठून वाट अडवतो. त्यानंतर बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमइतकाच गॅस काट्यावर मोजून भरून घ्यावा.