रुपये-पैसे डेटाबेसच्या कोणत्या रकान्यात ठेवायचे?

आमच्या पतसंस्था आणि व्यापारी ग्राहकांसाठी

मार्चअखेरीस तेरीज काढली आणि नावे-जमेत तीन पैशांचा फरक निघाला, की तो 'किरकोळ' खात्यात टाकून लोक मोकळे होतात. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या डेटात असा फरक दरवर्षी पडत आला होता. कारकुनाची त्यात काही चूक नव्हती. व्याजाच्या रकमा 'फ्लोट' प्रकारच्या रकान्यात ठेवल्या होत्या, म्हणून असे होत होते.

फ्लोटमध्ये अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव, एक सोळांश असे निम्मे-निम्मे करत साठतात. दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग, आणि तो या तुकड्यांच्या बेरजेत कधीच नेमका बसत नाही. ०.१० दहा वेळा मिळवून पाहा: 'डबल' या ६४ बिटी, जास्त बारीक फ्लोटमध्येही उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया असता तर सोळा आणे आणि चौसष्ट पैसे फ्लोटमध्ये चपखल बसले असते. (पै तेव्हाही बसली नसती, कारण रुपयाच्या १९२ पै होत्या.)

साध्या ३२ बिटी फ्लोटचे तर विचारूच नका. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे त्याला पैसा-पैसा वेगळा ओळखता येत नाही, कारण साठवता येणाऱ्या लगतच्या दोन रकमांतच दीड पैशाहून जास्त अंतर असते. १,६७,७७,२१७ लिहिले तर १,६७,७७,२१६ साठते. ठेवीदाराचा रुपया गेला आणि संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही!

म्हणून आम्ही रकमा 'डेसिमल' प्रकारात ठेवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यालाच 'न्यूमेरिक' म्हणतात. डेसिमल (१५,२) म्हणजे एकूण पंधरा अंक, त्यातले दोन दशांश चिन्हानंतरचे. दहा लाख कोटींच्या आतली कोणतीही रक्कम पैशासकट नेमकी राहते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कंस न लिहिता नुसते डेसिमल लिहिले तर ते (१०,०) धरले जाते आणि रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात आणली जाते. ही चूक आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही. रकान्याला ते नाव दिले तरी पैशांची रक्कम आत फ्लोट म्हणूनच साठते. तिथे सगळा हिशोब पैशांत, पूर्णांकात ठेवावा. इतर डेटाबेसमध्ये असे केले तर मात्र 'बिगइंट' हा मोठ्या पूर्णांकाचा प्रकार घ्या, कारण तिथला साधा ३२ बिटी 'इंट' २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर संपतो. 'मनी' नावाचा प्रकार आम्ही टाळतो. पोस्टग्रेसमध्ये त्याचे दशांश सर्व्हरच्या स्थानिक सेटिंगवर अवलंबून असतात, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये भागाकार करताना चौथ्या दशांशापुढचे सगळे गळते.

आखातात हापूस पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनांना तीन दशांश लागतात, जपानी येनला एकही नाही. रकमेशेजारी चलनाच्या तीन अक्षरी कोडचा वेगळा रकाना हवाच.

दर आणि रक्कम यांची गल्लत करू नका. व्याजाचा दर, विनिमय दर, किलोमागचा भाव यांना चार-सहा दशांश द्यावेत. रोजच्या शिलकेवरचे व्याजही मधल्या टप्प्यात तितक्याच बारकाईने धरावे आणि खात्यावर टाकताना एकदाच पैशापर्यंत आणावे. रोज पूर्णांकन केले तर वर्षअखेर ठेवीदाराच्या हक्काचे पैसे कमी-जास्त होतात. जीएसटीचा नियम वेगळा: कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात आणतात, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरच्या.

जुना फ्लोटचा रकाना डेसिमल करायचा असेल तर घाईने टाइप बदलू नका. आम्ही आधी बॅकअप घेतो, खातेनिहाय बेरजा छापतो, बदलानंतर त्या पुन्हा काढून ताडतो, आणि जिथे फरक दिसेल ते खाते पासबुकाशी लावतो. त्या दिवशी तुमचा खतावणी पाहणारा माणूस आमच्या शेजारी बसलेला असावा.