पार्श्वभूमी: कॉलवर सूर का गळतो

संगीत ऑनलाइन शिकता येतं का, हा वाद मार्च 2020 नंतर घरोघरी पोचला. पण ‘ऑनलाइन’ या एका शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: रेकॉर्ड केलेला धडा आणि समोरासमोर चालणारा कॉल. दोन्हींचा इतिहास वेगळा, दुखणीही वेगळी.

पहिल्याची मुळं जुनी. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची ग्रामोफोनची तबकडी 16⅔ वर लावली की वेग निम्मा व्हायचा आणि सूर बरोबर एक सप्तक खाली यायचा. जाझ वादकांनी कित्येक अवघड जागा अशाच उतरवून घेतल्या. 1983 साली आलेल्या मिडीनं, म्हणजे वाद्य आणि संगणक जोडणाऱ्या सांकेतिक भाषेनं, आवाज न टिपता कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढंच टिपलं, त्यामुळे लयीतली चूक पडद्यावर बोट ठेवून दाखवता येऊ लागली. 2005 मध्ये यूट्यूब आलं आणि तबकडीत न दिसणारा हात दिसू लागला. बोट कुठं पडतं, गज कुठून वळतो, श्वास कुठं घेतला, हे शंभर वेळा मागं नेऊन बघता येतं. आता तर सूर न हलवता वेगही कमी करता येतो. शिकणाऱ्याला या सगळ्या काळानं दिलेली सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते.

कॉलचं मूळ मात्र टेलिफोनमध्ये आहे, आणि टेलिफोन बोलण्यासाठी घडला. त्यातून साधारण 300 ते 3400 हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आवाजालाच वाट मिळायची. व्हायोलिनची सर्वांत खालची तार 196 हर्ट्झवर बोलते, म्हणजे तिचा मूळ सूर त्या वाटेत मावतच नव्हता. इंटरनेटवर वाट रुंद झाली, पण जुना हेतू कायम राहिला. कॉलच्या अ‍ॅपमध्ये गोंगाट गाळण्याची सोय आधीपासून चालूच ठेवायची, हा निर्णय त्यातूनच आला. तिचा हिशेब सरळ आहे: बोलणं तुटक असतं, एकसारखा चालणारा आवाज पंख्याचा असतो, तो काढून टाका. तंबोरा काय किंवा बॅगपाइपचा अखंड सूर काय, या हिशेबानं पंखाच ठरतो. शिष्य बासरीवर लांब सूर लावतो, दोन-तीन सेकंदांत तो पलीकडे विरत जातो, आणि शिक्षक विचारतात, ‘‘दम पुरत नाहीये का?’’ दम शाबूत असतो. सूर अ‍ॅपनं खाल्लेला असतो. भरीला आवाजाची पातळी आपोआप सावरली जाते: हळू वाजवलेलं वर येतं, जोरात वाजवलेलं खाली दबतं. म्हणजे नेमकं जे शिकवायचं तेच सपाट होतं.

बहुतेक कॉल बोलण्याचेच असतात, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्यायही काही ठिकाणी होता. पण तो सेटिंगमध्ये खोल दडलेला आणि आधीपासून बंद. झूमवर संगीतासाठी खास मोड आला तो 2020 च्या उत्तरार्धात. तोवर कित्येक शिकवण्यांत अ‍ॅपचा दोष विद्यार्थ्याच्या माथी बसला होता, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण कुठलंही बटण दाबून सुटत नाही. एकत्र वाजवताना आवाज पोचायला साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय ढिली पडते. हवेत एवढ्या वेळात आवाज आठ-दहा मीटर जातो. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर सहज शंभराच्या पुढं असतो. दोघंही एकमेकांसाठी थांबतात आणि ठेका रेंगाळत जातो. विद्यापीठांच्या वेगवान जाळ्यांवर खास प्रणाली वापरून हा उशीर पुष्कळ कमी करता आला. पण फायबरमधल्या प्रकाशालाही दर हजार किलोमीटरना सुमारे 5 मिलिसेकंद लागतातच.

म्हणून सोशल मीडियानं वळसा घेतला. 2010 मध्ये 12 देशांतल्या 185 गायकांनी आपापल्या घरी गायलेले व्हिडिओ जोडून एक समूहगान झालं. पुढं टिकटॉकवरच्या ड्युएटनं तीच रीत फोनवर आणली: एकानं गाऊन ठेवायचं, दुसऱ्यानं त्याच्या जोडीला गायचं. यात लय सुटत नाही. मात्र दुसरा पहिल्याचं ऐकून गातो. पहिल्याला गाताना दुसऱ्याचा आवाज ऐकूच आलेला नसतो.