किल्की

किल्की हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यातले एक लहानसे सुटीचे गाव. लूप हेड या भूशिराच्या दिशेने निमुळत्या होत गेलेल्या भूभागावर ते वसले आहे. गावापुढची पुळण घोड्याच्या नालासारखी वळलेली असून मूर बे या छोट्या आखाताच्या तोंडाशी डगर्ना नावाचे खडक आडवे पडले आहेत. अटलांटिकच्या लाटा बाहेर त्या खडकांवर फुटतात, म्हणून एरवी आतले पाणी शांत राहते. मात्र या शांतपणाला मर्यादा आहेत. नोव्हेंबर १८५० मध्ये स्थलांतरितांना अमेरिकेला नेणारे ‘एडमंड’ हे जहाज वादळाने याच आखातात लोटले गेले आणि ९८ माणसे बुडाली.

किल्कीला सुटीचे गाव केले ते लिमरिक शहराने. एकोणिसाव्या शतकात लिमरिकहून शॅनन नदीतून आगबोटी किलरशपर्यंत येत आणि पुढचा थोडा रस्ता गाडीने कापला की समुद्र. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांनी इथे उन्हाळी बंगले घेतले. तीच कुटुंबे पिढ्यानपिढ्या येत राहिल्याने लिमरिककरांना किल्की आपलेच वाटते. १८५४ मध्ये इंग्रजी कादंबरीकार शार्लट ब्राँटी लग्नानंतरच्या प्रवासात इथे उतरली होती. मुक्कामाच्या जागेत कुरकुर करण्यासारखे पुष्कळ असले तरी बाहेरचा समुद्र त्याची भरपाई करतो, असे तिने पत्रात कळवले. किल्कीबद्दलचा हा अभिप्राय आजही जुना झालेला नाही.

१८९२ मध्ये वेस्ट क्लेअर रेल्वेची अरुंद मापाची गाडी गावात आली. ती उशिरासाठीच गाजली. १८९६ च्या ऑगस्टमध्ये विनोदी गायक पर्सी फ्रेंच किल्कीतल्या कार्यक्रमाला निघाले, पण इंजिन वाटेतच अडले आणि ते पोहोचेपर्यंत बहुतेक प्रेक्षक घरी गेले होते. फ्रेंच यांनी दावा लावला, १० पौंड भरपाई मिळवली आणि वर त्या रेल्वेवर एक गाणेही रचले. रेल्वे १९६१ मध्ये बंद झाली, गाणे अजून म्हटले जाते. आता किल्कीला रस्त्यानेच जावे लागते. सर्वांत जवळचा मोठा विमानतळ शॅनन. भारतीय प्रवाशाने एक ध्यानात ठेवावे: आयर्लंड शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर इथे प्रवेश मिळत नाही.

गावात राहणाऱ्याचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. याचे कारण पोलॉक होल्स. पश्चिम टोकाला डगर्नाच्या कातळात नैसर्गिक डोह आहेत. भरतीला ते पूर्ण झाकले जातात, पाणी ओसरले की उघडे पडतात. म्हणजे दर भरतीला पाणी आपोआप बदलते. कातळ खडबडीत आणि शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा अनवाणी जाण्याची हौस करू नये. काठावरून वाकून पाहिले तर खडकाला चिकटलेली समुद्रफुले, फटीत शिरणारा खेकडा आणि थेट तळ दिसतो. ऑगस्टमध्येही पाणी १५-१६ अंशांच्या आसपास असते. पहिल्या डुबकीला श्वास अडकतो, तरी पांढऱ्या केसांची मंडळी तासभर पोहत, गप्पा मारत असतात. वेळ चुकवून येणाऱ्याला मात्र फेसाळ पाण्याखेरीज काही दिसत नाही. उंचावरून सूर मारणारी पोरे पलीकडच्या न्यू फाउंड आउटला जातात. तिथे सूर थेट खोल समुद्रात असतो.

समुद्राकाठच्या उंच भिंतींवर चेंडू मारून खेळायचा रॅकेट्स हा गावचा खास खेळ. लिमरिकचा अभिनेता रिचर्ड हॅरिस (‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या दोन चित्रपटांतला डम्बलडोर) याने त्यातला टिव्होली करंडक १९४८ ते १९५१ असा सलग चार वेळा जिंकला. गावात त्याचा पुतळा आहे, तोही हातात रॅकेट घेतलेला. चे गेव्हाराचा जगभर पोहोचलेला लाल-काळा चेहरा १९६८ मध्ये रेखाटणारे जिम फिट्झपॅट्रिक सांगतात, की तरुणपणी किल्कीच्या एका हॉटेलातल्या बारमध्ये काम करताना त्यांनी खुद्द गेव्हाराला पेय दिले होते.

उन्हाळ्यात किनाऱ्यावर उकडलेल्या समुद्री गोगलगायी आणि डिलिस्क हे वाळवलेले, खारट, लालसर समुद्री शेवाळ विकायला असते. डिलिस्क तसेच चघळतात. गोगलगाय शंखातून टाचणीने ओढून काढतात. टाचणी पुडीसोबतच मिळते.