पार्श्वभूमी : शिबिरातला कृत्रिम पाय आला कुठून

मराठवाड्यात पाय गमावण्याची कारणं गावोगाव सारखीच ऐकू येतात. रस्त्यावरचा अपघात, चालत्या रोटाव्हेटरमध्ये गेलेला पाय, साखरेच्या आजारातून झालेलं गँगरीन. जखम भरत आली की घरचे विचारू लागतात, "जयपूर फूट कुठं बसवून मिळंल?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: कृत्रिम पाय वाटायचं पुढचं शिबिर लागू द्या.

या पायामागची गोष्ट युद्धापासून सुरू होते. भारतात १९४४ मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभं राहिलं ते जखमी सैनिकांसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतही माजी सैनिकांसाठी संशोधनाला पैसा मिळाला आणि १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या गटानं दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढं आणल्या. पहिली 'सॅच' पंजा. यात घोटा हलतच नाही. टाचेत मऊ रबराची पाचर असते, ती वजनाखाली दबते आणि पाऊल टेकल्यासारखं होतं. आत लाकडाचा ताठ गाभा असतो, तो थेट चवड्यापर्यंत जातो. दुसरी गोष्ट 'पीटीबी' सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती वाटी. तिच्याकडं पुढं येतो.

सॅच पंजा बुटात घालून सपाट फरशीवर चालायला चांगला होता. पण आपल्याकडं माणूस उकिडवा बसून खुरपतो, मांडी घालून पंगतीला बसतो, देवळात चप्पल बाहेर काढतो. उकिडवं बसताना नडगी पुढं झुकते, म्हणजे घोट्यात पंजा वर वळावा लागतो. चवड्यापर्यंत गेलेला ताठ गाभा नेमकं तेच होऊ देत नाही.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना ही अडचण रोज दिसत होती. बूट घालून चालायला शिकवलेले रुग्ण गावी जाऊन पाय काढून ठेवायचे आणि पुन्हा कुबड्या धरायचे. त्यांच्यासोबत होते रामचंद्र शर्मा, हातात कसब असलेले कारागीर. टायर रिमोल्ड करणाऱ्याकडच्या रबरावरून त्यांना वाट सापडली, असं सांगतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या दोघांनी आणि सहकाऱ्यांनी जो पंजा, म्हणजेच जयपूर फूट, घडवला, तो मधोमध उभा कापून पाहिला तर सगळं कोडं उलगडतं. घोट्याजवळ लाकडाचा छोटा ठोकळा, टाचेत स्पंजासारख्या रबराचा तुकडा, चवड्यात तसाच दुसरा. तिघांवर टायरमधल्या दोऱ्याच्या कापडाचे थर आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं अॅल्युमिनियमच्या साच्यात तापवून एकजीव करतात. ताठ भाग आखूड ठेवल्यामुळं पंजा वर वळतो, आतबाहेर झुकतो, थोडा फिरतोही. म्हणूनच नांगरलेल्या रानात ढेकळावर पाऊल तिरकं पडलं तरी तो धक्का सरळ नडगीपर्यंत जात नाही. चिखलात अनवाणी चालता येतं, पाय धुऊन घरात जाता येतं. आपल्या देशातल्या हातांनी आपल्या माणसांचं बसणं-उठणं बघून केलेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण यंत्रशास्त्रात एक मिळवलं की दुसरं सोडावं लागतं. रबराचा हा पंजा जड आहे आणि दाबल्यावर साठलेल्या ऊर्जेतला बराचसा भाग तो परत देत नाही. १९८० च्या दशकात आलेले कार्बन फायबरचे पंजे ती ऊर्जा परत देतात, म्हणून धावपटू ते वापरतात. दिवसभर शेतात वावरणाऱ्याला वजन जाणवतंच. कृत्रिम पायानं चालणं मुळातच दमवणारं असतं: गुडघा वाचला असेल तर चालायला साधारण पावपट जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वरून पाय गेला तर निम्म्याहून जास्त.

गुडघ्यावरून गेलेल्यांचा प्रश्न वेगळा. साधी बिजागरी लावली तर वजन थोडं मागं पडताच गुडघा दुमडतो आणि माणूस कोसळतो. म्हणून कित्येकांना कुलूप लावलेला ताठ पाय बाहेरून फिरवत चालावं लागतं. चार दांड्यांच्या गुडघ्यात फिरण्याचा बिंदू जागा बदलतो. पाय सरळ असताना तो वर आणि मागं राहतो, म्हणून टाच टेकताना गुडघा वाकत नाही. पाय उचलताना पायाची लांबी किंचित कमी होते, त्यामुळं पंजा जमिनीला अडत नाही. याच तत्त्वावरचा, तेल मुरवलेल्या नायलॉनचा स्वस्त गुडघा स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसाठी केला. २००९ मध्ये त्याचं जगभर कौतुक झालं.

पाय लोकांपर्यंत पोचवायची व्यवस्था जयपूरचा पंजा आल्यानंतरच्या वर्षांत उभी राहिली. कानपूरला अलिम्को ही कृत्रिम अवयव बनवणारी सरकारी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली, जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये. १९८१ मध्ये केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची 'एडिप' योजना आली. सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोही १९८१ मध्ये. शिबिरं याच वाटेनं जिल्ह्यांत आली.

आता सॉकेट. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, ज्यात बसतो ती वाटी. माझ्या मते पाय वापरात राहणार की खुंटीला लटकणार, हे पंज्यापेक्षा सॉकेटवर जास्त ठरतं, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार येतो. स्टंपचं टोक तो सोसू शकत नाही. पीटीबी पद्धतीत तो गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर आणि नडगीच्या आतल्या रुंद भागावर घेतात. माप घेताना तंत्रज्ञ नडगीची धार आणि बाहेरच्या हाडाचं डोकं न पुसणाऱ्या पेन्सिलीनं रंगवतो, वर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळतो आणि ती घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठे कंडरेच्या दोन बाजूंना दाबून धरतो. पेन्सिलीच्या खुणा प्लास्टरच्या आतून उमटतात. पुढं त्या साच्यावर कुठं खरवडायचं, कुठं भर घालायची, हे त्या खुणांवरून ठरतं. दोन-तीन मिलिमीटर चुकलं की फोड आलाच.

जयपूर पद्धतीचं सॉकेट आधी अॅल्युमिनियमचं असे, पुढं एचडीपीईचं आलं. शेतातल्या तुषार संचाचे पाइप ज्या प्लास्टिकचे असतात, तेच हे. पाइप तापवून साच्यावर चढवला की काम झटपट होतं, आणि पैसेही कमी लागतात. हवा मात्र आत जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर गेला की आत घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि घासली जाते. साखर असलेल्याला तिथली जखम कळतही नाही.

शिवाय ऑपरेशननंतर काही महिने स्टंप बारीक होत राहतो. सुरुवातीला नीट बसलेलं सॉकेट सैल होतं, मग लोक आत मोज्यावर मोजे चढवतात. मोजे पुरेनासे झाले की सॉकेट नवं लागतं. म्हणूनच वाटपाच्या दिवशी किती पाय दिले, यापेक्षा सहा महिन्यांनी त्याच तालुक्यात तंत्रज्ञ परत येणार का, हे आयोजकांना विचारायला हवं.