प्युरिफायरवर दिसणारा पीएम २.५ चा आकडा येतो कुठून?

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कणांचं, दर घनमीटर हवेमागचं वजन. पण हवा शुद्ध करणारा घरगुती प्युरिफायर धुळीचं वजन करत नाही. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. आकड्यांवरून होणारे बहुतेक वाद यातूनच निघतात.

जुन्या यंत्रांत टिन ऑक्साइडचा वायू-सेन्सर आणि इन्फ्रारेड एलईडीचा धूळ-सेन्सर असे. काहींत पंखाही नसे. छोटा रेझिस्टर तापवायचा, गरम हवा वर चढली की तिच्यासोबत कण आत येत. कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवणं, सिगारेटच्या धुरावर व्हायचं आणि निकाल रंगीत दिव्यापुरता असायचा. तेवढ्यावर भागत होतं.

जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगची प्रदूषित हवा जगभर गाजली आणि गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष मायक्रोग्रॅम हवे झाले. पुढच्या काही वर्षांत स्वस्त लेसर सेन्सर आले. छोटा पंखा हवा ओढतो, कण लेसरच्या झोतातून जातात, काटकोनात बसवलेला फोटोडायोड प्रकाश टिपतो. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्याला दिसत नाहीत, म्हणजे फोडणीच्या धुरातला बराचसा भाग निसटतो. रस्त्याची आणि बांधकामाची जाड धूळही नीट पकडली जात नाही. म्हणून घरच्या यंत्रावरचा पीएम १० चा आकडा बहुतांशी गणितातून आलेला असतो. त्यावर विसंबू नये.

खरा गुंता पुढे आहे. पीएमएस५००३ हा फार वापरला गेलेला सेन्सर ३२ बाइट्सचा संदेश पाठवतो. त्यात आधी पीएम १, २.५ आणि १० चे तीन आकडे ‘सीएफ१’ या नावाखाली येतात, मग तेच तीन ‘वातावरणीय’ म्हणून पुन्हा. माहितीपत्रक सांगतं की पहिले कारखान्यासाठी, दुसरे मोकळ्या हवेसाठी. एकातून दुसरा कसा काढला, हे सांगत नाही. साधारण ३० मायक्रोग्रॅमपर्यंत दोन्ही सारखेच असतात. मग अंतर वाढतं आणि शंभरीपुढे दुसरा पहिल्याच्या सुमारे दोन-तृतीयांश होतो. सेन्सरांच्या एका मोठ्या जाळ्यात तर ही दोन नावं काही काळ उलटसुलट लागलेली होती.

नावावरून ‘वातावरणीय’ बरोबर वाटतो. पण अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणेने धुराच्या नकाशासाठी सुरुवातीला बसवलेलं दुरुस्तीचं सूत्र सीएफ१ वरून सुरू व्हायचं: सीएफ१ गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रतेचा टक्का गुणिले ०.०८६२ वजा, अधिक ५.७५. हवेत ६० टक्के आर्द्रता आणि सीएफ१ वर १६५ दिसत असेल, तर ‘वातावरणीय’ ११० दाखवेल आणि सूत्र ८७. भारतीय हवा-गुणवत्ता निर्देशांकाच्या पट्ट्यांत याच क्रमाने ‘अति खराब’, ‘खराब’ आणि ‘मध्यम’. हवा तीच, सेन्सर तोच! शिवाय या पट्ट्या २४ तासांच्या सरासरीसाठी आहेत. यंत्र त्या क्षणाच्या आकड्याला लावतं. आपल्या मते उत्पादकाने कोणता आकडा घेतला आणि त्यावर कोणती दुरुस्ती केली, हे खोक्यावरच छापायला हवं. सीएडीआर, म्हणजे यंत्र ठरावीक वेळात किती स्वच्छ हवा देतं, ते छापतात, हे छापत नाहीत.

अमेरिकी सूत्र जसंच्या तसं आपल्याकडे लावणंही धोक्याचं. ते तिथल्या हवेवर बेतलं आहे. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते, कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा विनाकारण वर जातो. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरची वाफही सेन्सरला धूळच वाटते.

आता सेन्सरच्या शून्याची गोष्ट. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरमध्ये आठवड्याभरातला नीचांक बाहेरच्या हवेइतका, बहुधा ४०० पीपीएम, धरून शून्य आपोआप सरकवण्याची सोय असते. खिडक्या कधीच न उघडणाऱ्या घरात हीच सोय आकडा खाली ओढते. धूळ-सेन्सरची भिंग मात्र हाताने पुसावी लागते: प्लग काढायचा, झडप उघडायची, कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसायचं. मग दारंखिडक्या लावून हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा प्युरिफायर पूर्ण वेगाने अर्धा-पाऊण तास चालवायचा. आकडा शून्याजवळ आला नाही तर खोलीत हवेची गळती आहे, फिल्टर नीट बसलेला नाही किंवा भिंग अजून मळलेली आहे.

यातून फक्त शून्य तपासलं जातं. चढा आकडा किती खरा, हे कळायला सेन्सर बीटा-किरणांनी धूळ मोजणाऱ्या सरकारी यंत्राशेजारी, तिथल्याच हवेत, पावसाळा आणि हिवाळा दोन्ही धरून ठेवावा लागतो.